घंटेखालचे जॅक

मिरकरवाडा बंदरावर चाळीस वर्षं मी होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. म्हणून 2018च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या इरावती नदीवरच्या बोटसहलीला निघताना हिने आधीच बजावलं होतं, "अहो, तिथे तरी इंजिनात डोकं घालू नका." मी घातलं नाही. चौथ्या दिवशी बोटच बंद पडली.

मिनलाचा किल्ला पाहून नुकतेच निघालो होतो. बोटीच्या मागच्या अंगाला अचानक थरथर सुरू झाली आणि मी हातातला चहा खाली ठेवला. पंख्यात जाळं अडकलं की होडी अशीच थरथरते. त्यात ब्रह्मदेश काय नि रत्नागिरी काय. दोन पोरं दातांत सुरी धरून पाण्यात उतरली आणि गुंडाळलेला नायलॉनचा दोर कापून तुकड्या-तुकड्यांनी वर फेकू लागली. तेवढ्यात शाफ्टच्या ग्लँडमधून पाणी आत यायला लागलं. जुनी दोरी काढून ग्रीस लावलेली नवी दोरी ठासताना म्हातारा मेकॅनिक नट जरा जास्तच आवळतोय असं मला वाटलं. मी बोटांनी खूण केली, थेंब थेंब गळू दे. ग्लँड पूर्ण कोरडा केला तर शाफ्ट तापतो. त्याने हसून नट पाव फेरा सैल केला. भाषेवाचून काही अडलं नाही.

पुढचं एक देवस्थान मात्र कार्यक्रमातून गळालं आणि सहप्रवासी हळहळले. मला वाटलं, या नदीत बोटी थांबल्या त्या मुळात अशाच कारणांनी. पावसाळा सरला की पाणी उतरतं आणि गेल्या वर्षीची वाट यंदा राहत नाही; जिथे डोह होता तिथे वाळूची दांडी वर येते. आगबोटींच्या काळात बांबूच्या खुणा तरंगत ठेवून वाट आखत. नाळेवर उभा राहून खलाशी लांब काठीने पाणी मोजत असे. हे खलाशी आणि सारंग बहुतेक चितगावचे. अंधार पडला की बोट काठाला बांधायची. मालबोटी तर गावोगाव थांबत, त्यांच्या बगलेला बांधलेल्या सपाट पडावांवर दुकानं थाटलेली असत. जिथे हा तरंगता बाजार लागे, तिथे गोरे प्रवासीही उतरून देवळं बघत.

या बोटी इरावती फ्लोटिला कंपनीच्या. 1865मध्ये सरकारी आगबोटी विकत घेऊन ती उभी राहिली. नव्या बोटी बांधायच्या त्या तिकडे स्कॉटलंडात, क्लाइडच्या काठी; डंबार्टनच्या डेनींचं नाव त्यात मोठं. तिथे सांगाडा जुळवून बघायचा, प्रत्येक पत्र्यावर खूण घालायची, मग सगळा सुटा करून जहाजात भरायचा आणि रंगूनसमोरच्या दल्ला गोदीत रिव्हेट ठोकून पुन्हा उभा करायचा. सयाम वर्गाची बोट 326 फूट लांब! आमच्याकडे पावसाळ्याआधी होडी वर ओढून शाकारायची तर आळीतली निम्मी माणसं लागतात, म्हणून हा आकडा मला जास्त टोचतो. भरभराटीच्या काळात कंपनीकडे लहानमोठी सहाशेहून अधिक जहाजं होती.

तेव्हा दुरुस्ती आणि रिव्हेट ठोकणारी माणसं किती असतील! पुस्तकांत मात्र सेनापती भेटतात. 1885च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांच्या जनरल प्रेंडरगास्टची फौज याच कंपनीच्या बोटींतून वर चढली. आम्ही पाहिलेला मिनलाचा किल्ला 17 तारखेला पडला, 28ला मंडाले. दुसऱ्या दिवशी थिबा राजाला 'थुरिया' बोटीत बसवून खाली नेलं. थुरिया म्हणजे सूर्यच. पुढच्या एप्रिलात राजा रत्नागिरीला आला तो कायमचाच. 1916च्या डिसेंबरात इथेच वारला. आमच्याकडचे टिळक मंडालेला आणि मंडालेचा राजा आमच्याकडे, हे रत्नागिरीकर पाहुण्याला इतक्यांदा ऐकवतो की मी आता सोडून देतो. थिबा पॅलेसचं छप्पर लहानपणापासून बघत आलो, पण राजाला आणायला बोट लागली असेल आणि बोटीला मेकॅनिक, हे कधी मनात आलं नव्हतं.

1942मध्ये जपानी फौजा जवळ आल्या तेव्हा कंपनीच्याच माणसांनी मंडाले आणि काथा इथे आपल्या बोटी बुडवल्या. ज्यांनी जन्मभर बोटीत पाणी शिरू दिलं नाही, त्यांच्याच हातून बोटींना भोकं पाडून घेतली. आमच्या मार्गदर्शक मुलीने हे एका वाक्यात उरकलं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शेवटचा थांबा मिंगून. बोडावपाया राजाने 1790मध्ये सुरू केलेला अवाढव्य पॅगोडा अर्धवटच राहिला. त्याच्यासाठी 1808मध्ये ओतलेली घंटा सुमारे 90 टनांची. 1839च्या भूकंपात पॅगोड्याला भेगा गेल्या आणि घंटा आधारावरून खाली आली. राजा, नवस, वजन सगळं सांगून झाल्यावर मुलगी म्हणाली, "नंतर ती परत टांगली."

कोणी टांगली, हे मी निघण्याआधी वाचून ठेवलं होतं. 1896मध्ये, म्हणजे 57 वर्षांनी, याच फ्लोटिला कंपनीने. पैसा लोकवर्गणीचा. साधनं काय, तर स्क्रू जॅक आणि तरफा. ते काम कसं चालतं हे मला कोणी सांगायला नको. एका बाजूला जॅक लावायचा, इंचभर उचलायचं, खाली लाकडी ठोकळा सरकवायचा, मग दुसऱ्या बाजूला जायचं. ठोकळा घातल्याशिवाय जॅक सोडायचा नाही. आणि कोणी कितीही घाई केली तरी ऐकायचं नाही.

मंडळी पाळीपाळीने टोल देत होती. मी वाकून घंटेखाली शिरलो. आतल्या भिंतीवर खडूने नावं लिहिलेली होती. ती न वाचता बाहेर आलो आणि वर पाहत राहिलो, जिथे ती तुळईला टांगली आहे तिथे.

"घंटा इकडे आहे," ही म्हणाली.

"थांब," मी म्हणालो, "सांधा बघतोय."