गोदामाचा मुक्काम

पाय जपून टाका, मागून बैलगाड्या येताहेत. साल 1864. तुम्ही कुलाब्याच्या कापूसबाजारात आहात आणि नाकात कापसाची तूस जातेय. अमेरिकेत यादवी पेटलीय, तिकडचा कापूस इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना पोचत नाही, म्हणून इथल्या गासडीला सोन्याचा भाव आलाय. पूर्वी हा बाजार किल्ल्यात, थेट चर्चसमोरच्या मैदानावर भरायचा. भर वस्तीत एवढा कापूस, म्हणजे गर्दी आणि आगीची धास्ती. 1844मध्ये तो इकडे हलवला. इथे वस्ती विरळ, जागा स्वस्त आणि गलबतं दाराशी. हमाल विचारतो, "शेठ, माल कोणाचा?" थांबू नका, पुढे चला.

साठेक वर्षांनी कुलाबाही महागलाय. कापूस आता शिवडीला, पोर्ट ट्रस्टने भर घालून समुद्रातून काढलेल्या जमिनीवर. रूळ गोदामांपर्यंत आलेत. एका अंगाला गोदी, दुसऱ्या अंगाला परळ-लालबागच्या गिरण्या.

आता 2010. मुलुंडचा जकात नाका, पहाट. ट्रकांची रांग आणि डिझेलचा धूर. माल मुंबईच्या हद्दीत शिरला की जकात भरायची, मग तो उद्या विकला जावो की सहा महिन्यांनी. मग तो हद्दीबाहेरच ठेवला तर? लागेल तेवढाच आत न्यायचा. नाशिक हायवेला लागा, मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर. भातखाचरांत पत्र्याची गोदामं उभी आहेत, भिवंडी शहराच्याही वेशीबाहेर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत. बरीचशी परवानगीच्या भानगडीत न पडता. बांधावरचा माणूस म्हणतो, "भात लावून काय मिळतंय, दादा? पत्र्याखाली महिन्याला भाडं येतं." हिशेब चोख आहे. त्याच्या विहिरीचं आणि ओढ्याचं काय झालं, ते मात्र या हिशेबात कोणी धरलेलं नाही.

1 जुलै 2017. जीएसटी आला, जकात गेली. गोदामांनी आता माघारी यावं, असं तुम्हाला वाटेल. पण मुंबईतली जमीन काही स्वस्त झालेली नाही. शिवाय ट्रान्सपोर्टवाले, हमाल, वजनकाटे, गॅरेज, सगळं भिवंडीत जमलंय. उलट शेड वाढल्याच. केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायच्या, ती गरज संपली. चार लहान गोदामांऐवजी एक अजस्र शेड परवडू लागली.

आणि आता अंधेरीच्या एका गल्लीत शिरा. तळमजल्यावर पाटी नसलेला गाळा, आत रॅक, बाहेर दुचाक्यांची गर्दी. गोदाम दीडशेहून जास्त वर्षं पळत होतं, ते परत आलंय, तेही महागड्या भाड्याच्या जागेत. कारण गिऱ्हाइकाला दूध दहा मिनिटांत हवंय आणि नुसत्या मानकोलीच्या कोंडीतच दहा मिनिटं जातात. इथल्या प्रत्येक फळीला रोज भाडं सोडवावं लागतं, म्हणून दूध, अंडी, चिप्स, चार्जर असा पटापट खपणारा मालच आत येतो. गादी मागवून बघा. ती बहुधा भिवंडीहूनच निघेल, आणि उद्या पोचेल.