निसटलेल्या भिंगाचा माग

१८९६ साली पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी सहकारी डॉक्टरांसमोर पाच वर्षांची एक मुलगी आणली. हातापायांची बोटं कोळ्याच्या पायांसारखी लांब, बारीक. त्यांच्या वर्णनात सारा भर हाडांवर होता. डोळ्यांतल्या दोषाचा उल्लेख कुठेच नव्हता. त्या मुलीला बहुधा वेगळाच विकार होता, असं आज अभ्यासक मानतात. तरी मार्फान सिंड्रोम हे नाव टिकलं.

डोळ्याचा संबंध लागला १९१४मध्ये. बोर्गर यांनी लांब बोटं आणि जागेवरून सरकलेलं भिंग ही जोडी नोंदवली. बाहुलीमागचं भिंग, तंबूला तणावे असावेत तसं, सूक्ष्म तंतूंनी चहूबाजूंनी ताणून धरलेलं असतं. तंतू ढिले पडले की ते कलतं. मुलाला धूसर दिसतं, कधी एकाच डोळ्यानं दोन-दोन दिसतं, आणि चष्म्याचा नंबर वाढत राहतो. अभ्यासात लक्ष नाही म्हणून अशी मुलं बोलणी खातात, याचं मला फार वाईट वाटतं.

१९३१मध्ये उट्रेख्टच्या वेव्ह यांनी हा विकार पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो ते दाखवलं. १९४३मध्ये हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीचा दोष त्याला जोडला गेला. पण डोळा आणि हृदय एकाच वेळी का बिघडावेत? १९८६मध्ये फायब्रिलिन हे प्रथिन सापडलं आणि उत्तराची वाट मोकळी झाली: भिंगाचे तंतू त्याचेच, महारोहिणीच्या भिंतीलाही आधार त्याचाच. १९९१मध्ये पंधराव्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकातला बिघाड हाती लागला.

मधेच, १९६२ साली, उत्तर आयर्लंडमधल्या काही मतिमंद मुलांच्या लघवीत होमोसिस्टीन आढळलं. शरीरयष्टी मार्फानसारखीच, भिंगही सरकलेलं. पण मार्फानमध्ये ते बहुतेकदा वर जातं, इथे खाली. हा फरक जिवाशी निगडित आहे. या दुसऱ्या विकारात, होमोसिस्टिन्युरियात, रक्ताच्या गुठळ्या होतात, त्यामुळे भूल देण्यापूर्वीच निदान झालेलं बरं. काही मुलांना तर ब६ जीवनसत्त्वानं फरक पडतो.

२०१०च्या सुधारित निकषांनुसार कुटुंबात कुणाला मार्फान नसलं, तरी महारोहिणीचं फुगलेलं मूळ आणि सरकलेलं भिंग ही दोन लक्षणं निदानाला पुरतात. बाहुली न वाढवता केलेल्या तपासणीत भिंगाची कड लपून राहू शकते. थेंब घालून ती दिसली, तर चष्म्याच्या नंबरासोबत हृदयाच्या इकोची चिठ्ठीही त्याच दिवशी लिहिली गेली पाहिजे.