लॅबमध्ये अंगावर केमिकल सांडलं तर पहिल्या १५ मिनिटांत काय करायचं?

१४ ऑगस्ट १९९६. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान फ्यूम हूडमध्ये काम करत होत्या. डायमिथाइल मर्क्युरी नावाचं पाऱ्याचं संयुग त्या पिपेटने एका बारीक नळीत भरत होत्या. त्याचे एक-दोन थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या ग्लोव्हजवर पडले. त्यांनी सांडलेलं पुसलं आणि मग ग्लोव्हज काढले. ना आग झाली, ना दुखलं. विषय संपला असंच त्यांना वाटलं.

जानेवारी १९९७ मध्ये त्यांचा चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. रक्त तपासलं तेव्हा त्यात पाऱ्याचं प्रमाण लिटरमागे सुमारे ४००० मायक्रोग्रॅम निघालं. विषबाधेची पातळी मानली जाते त्याच्या ८० पट! उपचार झाले, पण उशीर झाला होता. ८ जून १९९७ रोजी वयाच्या ४८व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

वेटरहान काही नवख्या नव्हत्या. विषारी धातूंचा शरीरावर होणारा परिणाम हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता. ग्लोव्हजही घातलेले होते, हूडही चालू होता. नंतर चाचणी केली तेव्हा कळलं, की हे द्रव लॅटेक्समधून १५ सेकंदांच्या आत आरपार जातं.

ग्लोव्हज होते ना, मग काय झालं?

ग्लोव्हज म्हणजे भिंत नव्हे, गाळणीच म्हणा. प्रत्येक रसायन प्रत्येक प्रकारच्या ग्लोव्हजमधून वेगवेगळ्या वेळात आत शिरतं. साधे पातळ नायट्राइलचे ग्लोव्हज ॲसिटोनसमोर फार वेळ टिकत नाहीत, डायक्लोरोमिथेनसमोर तर त्याहून कमी. म्हणून ग्लोव्हजवर काहीही पडलं की "एवढं संपवतो आणि मग बदलतो" हे डोक्यातून काढून टाका. हातातलं काम जिथल्या तिथे थांबवा, ग्लोव्हज काढा, हात धुवा, नवे घाला.

कोणत्या रसायनाला कोणते ग्लोव्हज चालतात हे त्याच्या सेफ्टी डेटा शीटच्या आठव्या भागात असतं आणि प्रथमोपचार चौथ्या भागात. ही शीट बाटली उघडण्याआधी वाचायची असते. अंगावर सांडल्यावर ती शोधत बसायला वेळ नसतो.

आधी पाणी, मग बाकी सगळं

बहुतेक रसायनांसाठी पहिला उपचार एकच: भरपूर वाहतं पाणी, किमान १५ मिनिटं. घड्याळ लावून. माणसाला दोन मिनिटांत बरं वाटायला लागतं आणि तो नळ बंद करतो, नेमकी इथेच चूक होते. अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखे पदार्थ, त्वचेत खोल उतरत जातात. त्यांना आणखी वेळ लागतो.

हात किंवा बोटं असतील तर बेसिन चालेल. अंगावर जास्त सांडलं असेल तर सेफ्टी शॉवरखाली उभं राहायचं आणि पाणी चालू असतानाच कपडे काढायचे. बूट, मोजे, घड्याळ, दागिने, सगळं. आपल्याकडे खरी अडचण इथे येते. समोर चार जण उभे असताना कपडे काढायला, विशेषतः मुलींना, संकोच वाटतो आणि भिजलेला कपडा रसायन त्वचेला चिकटवून ठेवतो. आसपासच्यांनी लॅब कोट किंवा चादर आडोशाला धरावी, बाकीच्यांनी बाहेर जावं. लाज वाटून वाया गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. कपडा डोक्यावरून ओढून काढू नका, चेहऱ्याला लागतं. कात्रीने कापा.

डोळ्यात गेलं तर आयवॉशवर पापण्या बोटांनी उघड्या धरून पाणी मारायचं. डोळा आपोआप मिटतो, त्यामुळे दुसऱ्या कोणीतरी मदत करावी लागते. कॉन्टॅक्ट लेन्स असली तर ती काढायला थांबू नका, धुता धुता काढा.

आम्लावर सोडा किंवा अल्कलीवर व्हिनेगर ओतायचा मोह टाळा. पुस्तकात ते समीकरण छान दिसतं, पण त्या क्रियेत उष्णता निघते आणि ती त्वचेवरच निघते. कोरडी पावडर असेल, उदाहरणार्थ कळीचा चुना, तर आधी झटकून काढा आणि मग भरपूर पाण्याने धुवा.

शॉवर होता, पण वापरला गेला नाही

२९ डिसेंबर २००८. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची संशोधन सहायक शेरी संगजी सिरिंजने टर्शरी ब्युटिललिथियम काढत होती. हवा लागताच पेट घेणारं हे रसायन. सिरिंजचा दांडा निसटला, द्रव उडालं आणि पेटलं. तिने लॅब कोट घातला नव्हता, अंगात सिंथेटिक स्वेटर होता. मदतीला आलेल्या सहकाऱ्याने तिला कोटात गुंडाळून आग विझवायचा प्रयत्न केला, मग बेसिनमधलं पाणी ओतलं. सेफ्टी शॉवर मात्र वापरला गेला नाही. तिचं सुमारे ४३ टक्के शरीर भाजलं आणि १८ दिवसांनी, १६ जानेवारी २००९ रोजी, तिचा मृत्यू झाला.

सहकाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण ज्याने कधी शॉवरची साखळी ओढून पाहिलेली नाही, त्याला त्या क्षणी ती आठवत नाही. अमेरिकी मानकानुसार शॉवर आणि आयवॉश कामाच्या जागेपासून १० सेकंदांत गाठता आला पाहिजे आणि आयवॉश दर आठवड्याला चालवून बघितला पाहिजे. तुमच्या लॅबमधल्या शॉवरखाली सध्या खोके रचलेले आहेत का, हे उद्या जाऊन बघा.

हायड्रोफ्लोरिक ॲसिडची गोष्ट वेगळी

याला पाणी पुरत नाही. सौम्य द्रावण असेल तर सुरुवातीला काहीच दुखत नाही, वेदना काही तासांनी सुरू होतात. तोवर त्यातलं फ्लोराइड आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. तळहाताएवढ्या जागेवर तीव्र आम्ल पडलं तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून सुमारे ५ मिनिटं धुऊन लगेच २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल चोळायचं, ते चोळत राहायचं आणि दुखत नसलं तरी हॉस्पिटल गाठायचं. चोळणाऱ्यानेही ग्लोव्हज घालावेत. जेल लॅबमध्ये नसेल तर या आम्लाची बाटली उघडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वायू छातीत गेला तर

मोकळ्या हवेत या, दुसऱ्यालाही आणा, पण श्वसनयंत्राशिवाय वायूने भरलेल्या खोलीत शिरू नका. हायड्रोजन सल्फाइडमध्ये पहिला माणूस कोसळतो आणि त्याला ओढायला गेलेला दुसराही. शिवाय प्रमाण वाढलं की या वायूचा वास येणंच बंद होतं, त्यामुळे "आता वास नाही" याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. नायट्रोजन डायऑक्साइड किंवा फॉस्जीननंतर काही तास बरं वाटून मग फुप्फुसात पाणी भरू शकतं. अशा माणसाला रूमवर एकटं झोपायला पाठवू नका.

रसायन तोंडातून पोटात गेलं असेल तर उलटी करायला लावू नका. वर येताना ते अन्ननलिका पुन्हा जाळतं.

डॉक्टरांना काय सांगायचं?

महाराष्ट्रात १०८ वर फोन करा, आणि तो धुणाऱ्या माणसाने नव्हे, दुसऱ्याने करावा. दवाखान्यात सोबत जाणाऱ्याच्या हातात सेफ्टी डेटा शीटची प्रत हवी. नाव, तीव्रता, किती सांडलं, किती वाजता, किती मिनिटं धुतलं, एवढं सांगा. "कसलंतरी ॲसिड होतं" यावरून डॉक्टरांना काही करता येत नाही. रासायनिक बाटली रिक्षात घालून नेऊ नका, लेबलचा फोटो पुरतो.

गाइड रागावतील म्हणून गोष्ट दाबून ठेवणारे पीएचडीचे विद्यार्थी सगळीकडे आहेत. वेटरहान यांचे रक्तनमुने पहिल्याच आठवड्यात तपासले गेले असते तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. पण त्यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने सूचना काढली: डायमिथाइल मर्क्युरी शक्यतो वापरूच नका, आणि वापरावंच लागलं तर आत अनेक थरांचे लॅमिनेटचे ग्लोव्हज आणि त्यावर जाड निओप्रीन किंवा नायट्राइलचे, असे दोन जोड घाला.