भीमाकाठचा भोपळा आणि मेणाची तबकडी

वैरागहून मोहोळच्या वाटेने पंढरपूर-मंगळवेढ्याकडे निघाले म्हणजे भीमेच्या काठी असा एक भोपळा पिकतो, जो कुणी खाण्यासाठी लावीत नाही. तो चवीला कडू असतो. वेलावर पक्व झाल्यावर त्याला सावकाश वाळू द्यावे लागते. घाई केली तर तो तडकतो किंवा सडतो. थोराड तंबोऱ्याला लागणाऱ्या भोपळ्याचा घेर चार फुटांहूनही अधिक भरतो. हे पीक आमच्या सोलापूर जिल्ह्यातून मिरजेला जाते आणि तेथे त्याचा तंबोरा किंवा सतार होते. सोलापूर आणि मिरज ही दोन्ही ठिकाणे आपल्या पुणे धर्मप्रांतात मोडतात. तरीही आपल्यापैकी किती कुटुंबांना या नात्याची जाणीव असेल, याविषयी आम्ही साशंक आहोत.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात एक चळवळ उभी राहिली. ज्या काळचे संगीत, त्या काळच्या वाद्यांवरच ते वाजवावे आणि ध्वनिमुद्रित करावे, असा तिचा आग्रह होता. व्हिएन्नामध्ये निकोलाउस हार्नोनकूर यांनी १९५३ साली आपला वादकसंच स्थापन केला. पुढे गुस्ताफ लेओनहार्ट यांच्या साथीने त्यांनी बाखच्या चर्चसंगीताचे जे मुद्रण १९७१ साली आरंभिले, ते पुरे व्हायला जवळजवळ वीस वर्षे लागली. हायडनने स्पेनमधील कादिझ येथील शुभ शुक्रवारच्या उपासनेसाठी ख्रिस्ताच्या क्रुसावरील सात उद्गारांवर रचना केली आणि १७८७ साली तीच चार तंतुवाद्यांसाठी पुन्हा लिहिली. ती त्याने लिहिली तेव्हा व्हायोलिनला आतड्याच्या तारा असत. पोलादी तारेवर तीच रचना अधिक तेजस्वी वाटते, आतड्याच्या तारेवर अधिक मानवी. ही आमची आवड झाली. परंतु वाद्य बदलले की प्रार्थनेचा सूरही बदलतो, हे मात्र कोणत्याही साध्या श्रोत्याच्या कानांना कळते.

आपल्याकडे हा प्रश्न उलट्या बाजूने आला. येथे जुने वाद्य नाहीसे झाले नव्हते. ध्वनिमुद्रणालाच ते ऐकू येत नव्हते.

ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, त्या आवाजाने पडदा थरथरावयाचा आणि सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ उमटावयाची, एवढीच ती व्यवस्था. अडीच हजार हर्ट्झच्या पलीकडचा नाद या यंत्रात जवळजवळ टिपलाच जात नसे. (गाणे संपताच गायिका आपले नाव मोठ्याने उच्चारते, त्याची आज गंमत वाटते, पण तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथील कारागिरांना गायिका ओळखू यावी, म्हणून ती सोय होती.) आता तंबोऱ्याचे सारे वैभव नेमके कशात? तार घोडीच्या रुंद पृष्ठावर हलकेच घासत राहते, तिच्याखाली सुताचा एक बारीक धागा सरकवलेला असतो आणि त्या स्पर्शातून मूळ स्वरावर असंख्य सूक्ष्म स्वरांची झळाळी चढते. कारागीर याला जवारी म्हणतात. ही झळाळी वरच्या नादांची आणि नाजूक असते. कर्ण्याने नेमकी तीच गाळून टाकली. मग साथीला पेटी आली, सारंगी आली, कारण त्यांचा आवाज यंत्राला पुरत असे.

मिरजेच्या मातीत राहून गायलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ या दोन्ही युगांचे साक्षी ठरले. १९०४-०५च्या सुमारास त्यांची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. नंतर प्रदीर्घ खंड पडला आणि १९३०च्या दशकाच्या मध्यास, मायक्रोफोन आल्यावर, ते पुन्हा मुद्रणास बसले. ‘पिया बिन नहीं आवत चैन’ आणि ‘जमुना के तीर’ या तबकड्या त्या दुसऱ्या काळातील होत. तबकडीची एक बाजू तीन मिनिटांत संपते. तासभराचा राग तेवढ्यात कसा मावावा? तरीही या तबकड्यांत आवाजाभोवती हवा आहे, स्वर टेकायला जागा आहे. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासजवळच्या सिंगपेरुमाल कोविल स्थानकावर त्यांना मृत्यू आला. त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, दरबारी रागात प्रार्थना गायिली आणि प्राण सोडला, अशी हकिकत सांगितली जाते. मिरजेत त्यांची कबर आहे.

त्यांच्या गावात हे वाद्य घडविणारे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. इंग्रजी अंमलात तलवारींची मागणी ओसरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांच्या कुटुंबाने तंतुवाद्यांकडे हात वळविला आणि पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय मिळाला. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गुरू मिरजेस राहू लागले, विष्णु दिगंबर पलुस्कर तेथेच शिकले आणि वाद्यांना गिऱ्हाईक दारातच मिळाले.

पेटीची कथा मात्र आपल्या अधिक जवळची. १८४०च्या दशकारंभी पॅरिसमध्ये दबें यांनी सिद्ध केलेले हार्मोनियम मिशनरी आणि व्यापारी यांच्याबरोबर हिंदुस्थानात आले, आपल्या देवळांतील गायनमंडळात स्थिरावले आणि तेथून नाटकमंडळ्यांत व मैफलीत गेले. पेटीचे स्वर ठरीव असतात; आपल्या गायकीला हवे असलेले बारीक अंतर तीत बसत नाही. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आय. सी. एस. अधिकारी क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली. देवलांच्या श्रुतिप्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य लाभले होते. १९१६च्या बडोदा संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली, पण गायकांना ती रुचली नाही. पुढे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला दाराबाहेर ठेवले आणि १९७१ पर्यंत ती बंदी सैल केली नाही. ज्या वाद्यावर आपल्या आजोबांनी मिस्साची गीते बसविली, त्याच वाद्याला सरकारी ध्वनिमुद्रणात मज्जाव होता! बंदी अतिरेकी होती असे आमचे मत आहे. परंतु तिच्यामागील तक्रार खोटी नव्हती.

त्यानंतर १९७९ साली बंगलोरचे जी. राजनारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला. तो हातात धरून नेता येतो, तार तुटत नाही, पावसाळ्यात स्वर उतरत नाही. कलाकारांनी तो स्वीकारला यात नवल नाही. पण भीमाकाठी भोपळा लावणाऱ्याचा आणि मिरजेत जवारी लावणाऱ्याचा व्यवसाय यामुळे किती आक्रसला असेल, त्याचा विचार ध्वनिमुद्रणशाळेत कुणी करीत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानाचा कागद मिळाला, हे उत्तमच. वाद्य मात्र कुणी तरी वाजवावयास हवे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे जे संविधान प्रसृत केले, त्यात पाईप ऑर्गनचा मोठा गौरव आहे. परंतु पवित्र वापराला साजेशी अन्य वाद्येही स्वीकारता येतील, असेही त्यातच म्हटले आहे. या अनुमतीनंतर मराठी भजने आपल्या वेदीपर्यंत आली, तबला आला, क्वचित सतारही आली. परंतु पुढे जेव्हा ही गीते कॅसेटवर आणि नंतर तबकड्यांवर मुद्रित होऊ लागली, तेव्हा बहुतेक ठिकाणी कीबोर्डनेच तंबोऱ्याचे काम उरकले. आता मुलांच्या कानांत तोच सूर ‘आपला’ म्हणून बसला आहे. एखाद्या धर्मग्रामाने पुढील ध्वनिमुद्रणासाठी दोन खरे तंबोरे मिरजेहून आणावेत, ते जुळवायला अर्धा तास द्यावा आणि मायक्रोफोन भोपळ्यापासून किती अंतरावर ठेवावा हे तंत्रज्ञाने कान लावून ठरवावे. खर्च एका दिवसाच्या मंडपाहून फारसा अधिक होणार नाही.