वादाची भाषा : चीनच्या दरबाराला इंग्रजी का शिकावी लागली?

परकी भाषा शिकताना आपण नमस्कार, आभार, भाव विचारणे अशा शब्दांपासून सुरुवात करतो. चीनच्या राजदरबाराला मात्र इंग्रजीची गरज भासली ती मतभेद मांडण्यासाठी.

दुसऱ्या अफूच्या युद्धात, 1858 साली, ब्रिटनने चीनवर तिआनजिनचा तह लादला. त्यातील दोन कलमे पाहा. चिनी लेखनात परकीयांसाठी ‘यी’ हा शब्द जुनाच होता. ब्रिटिशांनी त्याचा अर्थ ‘रानटी’ असा लावला आणि 51 व्या कलमाने सरकारी कागदांत तो आपल्यासाठी वापरण्यास बंदी घातली. 50 वे कलम त्याहून जाचक होते. इंग्रजी आणि चिनी मजकुराच्या अर्थात फरक पडल्यास इंग्रजी मजकूर खरा धरायचा! म्हणजे हरकत घ्यायची तरी आधार इंग्रजी शब्दांचाच.

मग 1862 मध्ये बीजिंगला ‘तोंगवेन ग्वान’ ही सरकारी भाषाशाळा निघाली. सुरुवात इंग्रजीपासून झाली. पहिले विद्यार्थी अवघे दहा. त्याच सुमारास अमेरिकी मिशनरी विल्यम मार्टिन यांनी चिनी सहकाऱ्यांच्या मदतीने हेन्री व्हीटन यांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथाचे चिनी भाषांतर केले. ते 1864 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ‘राइट’ या इंग्रजी शब्दासाठी ‘च्वानली’ हा जुना जोडशब्द योजला गेला. त्याचा पूर्वीचा अर्थ सत्ता आणि लाभ असा होता. आज चिनी भाषेत हक्काला हाच शब्द आहे.

या शब्दांचा उपयोग लगेच झाला. 1864 मध्ये प्रशिया आणि डेन्मार्क यांचे युद्ध चालू होते. प्रशियाने चीनच्या किनाऱ्याजवळ डॅनिश व्यापारी जहाजे पकडली. परराष्ट्र व्यवहार पाहणारे राजपुत्र गोंग यांनी या भाषांतराच्या आधारे हरकत घेतली : हे पाणी चीनच्या हद्दीतले आहे, येथे तुम्हाला तसे करता येणार नाही. गोळी न झाडता जहाजे सुटली आणि प्रशियाला भरपाईही द्यावी लागली.

असमान तह यामुळे रद्द झाले नाहीत, हेही लक्षात ठेवा. पण ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे म्हणणे आणि ‘तुम्ही अमुक नियम मोडला’ असे म्हणणे, यांतला फरक चीनच्या अधिकाऱ्यांना कळला.

उद्या नोकरीत तुमच्यासमोर दोन भाषांतला करार येईल. सही करण्यापूर्वी एवढे पाहा : मतभेद झाल्यास कोणत्या भाषेतला मजकूर ग्राह्य धरला जाणार आहे?