मृत्यूच्या नोंदवहीची साक्ष

पटकीचा विषय निघाला म्हणजे लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची गोष्ट हटकून सांगितली जाते. १८५४ च्या ऑगस्टअखेर त्या पंपाचे पाणी पिणारी माणसे भराभर मरू लागली. डॉ. जॉन स्नो यांनी त्या पाण्याकडे बोट दाखविले आणि ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. गोष्ट खरी आहे. परंतु अशा गोष्टीत एक पुरुष ठळक दिसतो आणि त्याच्या मागची व्यवस्था नजरेआड होते. कोण मेले, कोठे मेले, कोणत्या दिवशी मेले, हे स्नो यांना कोणी सांगितले? ते एका सरकारी कचेरीच्या नोंदींनी सांगितले. आज आम्हांस त्या कचेरीची आणि तेथील वह्यांचा अर्थ लावणाऱ्या माणसाची हकिकत आपणांपुढे मांडावयाची आहे.

लंडनमध्ये मेलेल्यांची साप्ताहिक यादी सतराव्या शतकापासून प्रसिद्ध होत असे. जॉन ग्रॉन्ट नावाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने या याद्या चाळून १६६२ साली एक ग्रंथ लिहिला आणि मृत्यूच्या आकड्यांतही काही नियम आढळतो हे दाखविले. तथापि त्या याद्या चर्चच्या हाताखालच्या आणि अपुऱ्या होत्या. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये प्रत्येक जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि १८३९ साली विल्यम फार या नोंदणी कचेरीत रुजू झाले. १८०७ साली एका गरीब कुटुंबात जन्मलेला हा गृहस्थ वैद्यक शिकलेला होता. किती मेले, एवढे विचारून तो थांबला नाही. कशाने मेले, कोठे मेले, कोणत्या वयाचे व कोणत्या धंद्यातले मेले, हे त्याने विचारले. रोगांच्या नावांत एकसूत्रीपणा आणला. लंडनचे आकडे आठवड्याच्या आठवड्याला छापले जाऊ लागले. शहराची नाडी पाहण्याची सोय झाली ती अशी.

आता या कथेतील खरी मौज पाहा. फार यांचा विश्वास पाण्यावर नव्हता, हवेवर होता. घाणीतून उठणाऱ्या दूषित वायूने पटकी होते, हे त्या काळच्या बहुतेक विद्वानांचे मत होते आणि तेच त्यांचेही होते. १८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसे मेली. फार यांनी तिचे आकडे मांडले, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. थेम्स नदीच्या पातळीपासून वस्ती जितकी उंच, तितके मृत्यू कमी. त्यांनी अर्थ लावला, की सखल भागात दुर्गंधी साचते म्हणून असे होते. आकडे बरोबर होते, अर्थ तेवढा चुकला होता. सखल वस्तीच्या वाट्याला नदीचे सर्वांत घाण पाणी येत होते, हे कोष्टकात कोठेच लिहिलेले नव्हते.

ते लिहिले गेले १८५४ साली. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्याने, शेजारशेजारच्या घरांत गेले होते. हवा तीच, जमीन तीच, माणसेही त्याच थरातली. वेगळे होते ते फक्त पाणी. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपला उपसा शहराच्या वर, थेम्स डिटन येथे नेला होता. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटर्सीजवळ, जेथे शहराची घाण मिसळत असे, तेथलेच पाणी देत होती. स्नो घरोघर हिंडले. नळ कोणाचा हे घरवाल्यांना सांगता येईना, तेव्हा पाण्यातील क्षाराच्या परीक्षेवरून त्यांनी ते ठरविले. आणि ज्यांना स्नो यांचे म्हणणे पटले नव्हते, त्या फार यांनीच आपल्या नोंदणीदारांना हुकूम सोडला, की पटकीने मेलेल्याच्या नावापुढे त्या घरचे पाणी कोठून येते तेही लिहावे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे एका कंपनीच्या गिऱ्हाइकांत ३१५ मृत्यू झाले, दुसरीच्या गिऱ्हाइकांत ३७. आपल्या मताविरुद्ध जाऊ शकेल असा रकाना आपल्याच वहीत आखणे, याला आम्ही मोठेपणा म्हणतो.

तरीही विद्वानांचे मत एकदम पालटले नाही. स्नो १८५८ साली वारले. १८६६ च्या उन्हाळ्यात पटकी पुन्हा आली आणि साप्ताहिक आकडे पाहताना फार यांच्या ध्यानात आले, की सारा मारा पूर्व लंडनवर, ईस्ट लंडन वॉटरवर्क्स कंपनीच्या हद्दीत होत आहे. कंपनीच्या इंजिनियराने वर्तमानपत्रात ठासून लिहिले, की न गाळलेल्या पाण्याचा थेंबही आम्ही दिलेला नाही. पुढे चौकशी झाली. लोकांच्या नळांतून वाम मासे निघाल्याचे पुढे आले आणि ओल्ड फोर्ड येथील उघड्या तलावांतले पाणी नळांत गेल्याचे उघड झाले. दरम्यान, पाणी उकळल्यावाचून पिऊ नका, अशी पत्रके पूर्व लंडनमध्ये लागली होती. त्या वर्षी लंडनमध्ये साडेपाच हजारांवर माणसे मेली. फार यांनी आपल्या अहवालात एक मार्मिक टोमणा मारला आहे. त्याचा आशय असा, की हवा विकणारी कंपनी नसते, म्हणून हवेवर हवा तेवढा दोष ठेवता येतो; पाण्याला मात्र बचावाचे साक्षीदार मिळतात.

पण पुढे त्याच शहरात हवाही खरोखर दोषी ठरली, आणि तिच्याविरुद्ध साक्ष दिली ती याच वहीने. १९५२ च्या ५ ते ९ डिसेंबरात कोळशाच्या धुराने भरलेले दाट धुके लंडनवर बसले. किती माणसे दगावली हे त्या दिवसांत कोणालाच समजले नाही. नोंदी गोळा झाल्या तेव्हा दिसले, की १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात मोठ्या लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू झाले होते. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात ते १,८५२ होते. धुक्याचे बळी चार हजार, असा प्रथम अंदाज झाला. पुढील महिन्यांतले जादा मृत्यू इन्फ्लुएंझाच्या खात्यावर टाकण्यात आले होते; अलीकडच्या संशोधकांनी तेही धरून बारा हजारांपर्यंत आकडा नेला आहे. १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा झाला. आदल्या वर्षाचा आकडा लिहिलेला नसता, तर यंदाचा आकडा मुकाच राहिला असता. संकट आल्यावर वही उघडून भागत नाही, ती आधीपासून चालू असावी लागते.

आपल्याकडे १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा आहे. परंतु मृत्यूचा दाखला म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावे चढविण्याचा, विम्याचे पैसे मिळविण्याचा कागद, एवढीच आपली समजूत. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीय दाखल्याने निश्चित झालेले होते. कित्येकदा कारण म्हणून लिहिले जाते, ‘हृदयक्रिया बंद पडून’. ती तर प्रत्येकाचीच बंद पडते! कारखान्याच्या धुराने, विहिरीच्या पाण्याने, खाणीच्या धुळीने एखाद्या गावातली माणसे हळूहळू खंगत असतील, तर ते सांगणार कोण? मेलेला माणूस बोलत नाही. त्याच्या नावापुढचा रकाना प्रामाणिकपणे भरला, तरच तो आपल्या मागे राहिलेल्यांसाठी साक्ष देऊ शकतो. तो रकाना कोरा न ठेवणे, हे जिवंतांचे काम आहे.