बाळू पालवणकरांची जुनी छायाचित्रे

बाळू पालवणकर हे भारतातले पहिले थोर फिरकी गोलंदाज. डावखुरे, चांभार कुटुंबात जन्मलेले. पुण्यात आधी पारशी क्लबात महिना 3 रुपये आणि मग युरोपियनांच्या पूना क्लबात 4 रुपये पगारावर ते खेळपट्टी राखत. तिथे इंग्रजांना सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करत. फलंदाजी मात्र वाट्याला येत नसे. मैदानावरच्या नोकराला क्लबाच्या ग्रुप फोटोत जागा मिळणे कठीणच, त्यामुळे त्या वर्षांतले चित्र हाती लागण्याची आशा थोडी.

पुढे ते हिंदू संघाकडून खेळू लागले. सवर्ण सहकारी मैदानात त्यांच्या हातचा चेंडू घेत, पण पुण्यात चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. 1911 साली पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूंनी तिथे 114 बळी घेतले. धाकटे भाऊ शिवरामही त्या संघात होते. या संघाचा ग्रुप फोटो संग्राहकाला सर्वांत मोलाचा: चहाला बाहेर ठेवलेला माणूस इथे महाराजांबरोबर एका चौकटीत आहे.

चेंडू टाकतानाचे चित्र त्या काळी सहज मिळत नसे. काचेची प्लेट, तिकाटण्यावरचा जड कॅमेरा. हलता हात पुसट येई. अमेरिकेत 1880 च्या दशकात सिगारेटच्या पाकिटातल्या बेसबॉलच्या चित्रांसाठी स्टुडिओत दोऱ्याने चेंडू टांगत आणि खेळाडू तो झेलल्याचा किंवा फेकल्याचा आव आणी. इंग्लंडमध्ये जॉर्ज बेल्डम यांनी खऱ्याखुऱ्या हालचाली टिपल्या. गोलंदाजांवरचे त्यांचे पुस्तक 1906 चे. बाळूंच्या बोटांची करामत समजून घ्यायला असे एखादे चित्र किती उपयोगी पडले असते!

अस्सल प्रत ओळखायला साधे भिंग पुरते. छापील चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, अस्सल फोटोत छटा सलग असतात. जुन्या प्रतीच्या गडद भागांवर, विशेषतः कडेला, चांदीसारखी निळसर झाक चढते. मात्र खरा ऐवज असतो तो खालच्या पुठ्ठ्यावर: संघ, साल, रांगेनुसार नावे, स्टुडिओचा शिक्का. फोटो नव्या चौकटीत बसवताना हा पुठ्ठा कापून टाकणे हे या छंदातले सर्वांत वाईट नुकसान, कारण नावे गेली की चेहरे अनोळखी होतात.

बसण्याची जागाही वाचावी लागते. मधली खुर्ची बहुधा कर्णधाराची. हिंदू संघाची ती खुर्ची बाळूंना मिळाली नाही. 1920 मध्ये ते उपकर्णधारपदापर्यंतच पोहोचले. 1923 मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले. त्या संघाच्या फोटोत पालवणकर हे नाव शोधायचे ते मधल्या खुर्चीखाली.